होडी की गाडी

भंडारदऱ्याला मासे धरायला निघणाऱ्या प्रत्येक टोळीत एक आप्पा असतात. ते डोंबिवलीचे असतील, नाशिकचे असतील, नाहीतर पुण्याचे. नोकरीतून निवृत्त, गुडघे अजून शाबूत, आणि माळ्यावर भाच्याने परदेशातून आणलेला गळाचा दांडा, रीलसकट. रीलला अद्याप पाणी लागलेलं नसतं. यात माशांचा काही दोष नाही. रतनवाडीजवळच्या तंबूंपर्यंत होडीनं जायचं की गाडीनं, हे ठरेपर्यंत बाकीच्यांच्या रजा संपलेल्या असतात.

प्रश्न म्हटला तर चिमटीत मावणारा. शेंडी धरणाच्या भिंतीशी, रतनवाडी पाण्याच्या पार दुसऱ्या अंगाला, रतनगडाच्या पायथ्याशी. मध्ये जलाशय. एक तर पाण्यावरून सरळ जावं, नाहीतर मुतखेल, कोलटेंभे करत काठाकाठानं वीसेक किलोमीटर गाडी हाकावी. माणसानं नाणं उडवून मोकळं व्हावं. पण आप्पांच्या हाती नाणं दिलं तर ते आधी त्याची कड बघतील.

आप्पा कुठल्या पक्षाचे, हे कुणालाच सांगता येत नाही. ते नेहमी समोरच्याच्या विरुद्ध पक्षाचे.

“होडीनं जाऊ या, आप्पा.”

“जाऊ की. नाही कोण म्हणतंय? पण दुपारनंतर वारा सुटला तर? लाइफ जॅकेट आहेत का? आहेत, तर तुझ्या पोटावर त्याचा पट्टा बसतो का?”

“मग गाडी काढू.”

“काढा ना! म्हणजे एवढं थोरलं पाणी समोर असताना आपण खड्डे मोजत जायचं. अरे, पूर्वी रतनगडाला जाणारी माणसं शेंडीहून लाँचनं जायची. पहाटे धुक्यातून ते अमृतेश्वराचं देऊळ... जाऊ दे. तुम्हाला एसी हवा ना? काढा गाडी.”

“बरं, होडीच ठरली.”

“ठरली काय? बर्फाची पेटी, गॅसची शेगडी आणि तुझी ती खुर्ची, सगळं होडीत? माणसं पोहत येणार का?”

हे संवाद महिनाभर चालतात. सकाळी फिरताना, रात्री ग्रुपवर. आप्पांनी वहीत दोन रकाने आखलेले असतात आणि दोन्हींकडे गुण समसमान राहतील याची ते जातीनं काळजी घेतात. एकदा होडीला एक गुण जास्त झाला, तेव्हा त्यांनी ‘शौचालय’ हा मुद्दा नव्यानं काढून गाडीला बरोबरीत आणलं. बाकीच्या गोष्टी त्यांच्याकडून कशा झटकन होतात! जलाशयातल्या मासेमारीचे हक्क संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, तेव्हा आपल्याला गळ टाकायला कुणाची हरकत नाही ना, हे त्यांनी पहिल्याच दिवशी फोन करून विचारून घेतलेलं असतं. कणकेच्या गोळ्यात हिंग घालायचा की बडीशेप, हेही पाच मिनिटांत मिटतं. काकूंचं तर त्याहून लवकर. त्या कुणाला न विचारता पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देतात. नवऱ्याच्या मासेमारीवर इतका नेमका अभिप्राय दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

या वादात आणखी एक पक्ष आहे, आणि तो ग्रुपवर नाही. तो म्हणजे ऊस.

इंग्रजांनी १९१० साली प्रवरेवर हे धरण बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पुरं केलं. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं. आता जलाशयाला इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांचं नाव आहे, आणि ते शोभतं. हा डोंगरमुलूख त्यांचाच होता. सुमारे अकरा टीएमसी पाणी इथं अडतं, पण ते काही आप्पांच्या होडीसाठी अडवलेलं नाही. खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या शेतांना आवर्तन सुटलं की इथला काठ मागं मागं सरकतो. रतनवाडीकडचं अंग उथळ. ऑक्टोबरात जिथं होडी लागते, तिथं एप्रिलअखेर गाळाला भेगा पडलेल्या असतात. म्हणजे होडी रतनवाडीपर्यंत जाईल की नाही, याचा निकाल पन्नास-साठ मैल खाली, उसाच्या एखाद्या सरीत लागलेला असतो. हे कळल्यापासून आप्पा चहात साखर घेताना थोडे विचारात पडतात.

म्हणून त्यांनी शेंडीच्या होडीवाल्याला फोन लावला.

“मामा, पाणी किती आहे?”

“हाये की.”

“नाही, पण किती?”

“धरणात मावंल येवढं.”

हे उत्तर वहीच्या कुठल्याच रकान्यात बसेना.

शेवटी सगळे निघाले, ते निर्णय झाला म्हणून नव्हे. आणखी थांबलो तर पाऊस येईल म्हणून. त्याआधी काजवे येणार, आणि काजव्यांच्या दिवसांत या रस्त्यावर गाड्यांच्या अशा रांगा लागतात की काजवा दिसलाच तर तोही इंडिकेटर वाटावा. घोटी सोडली, बारी आलं, कळसूबाई दिसली. “१६४६ मीटर. महाराष्ट्रात सगळ्यांत उंच,” आप्पा म्हणाले, आणि त्या सुरातच पुढे, “पण समजा, होडी मध्येच बंद पडली तर?”

शेंडीत चहा झाला. होडीवाला म्हणाला, “होडी जाईल सायेब. पर पानी पुढं न्हाई. उतरून चिखल तुडवाया लागंल.” गाडीवाल्यांनी जल्लोष केला. लगेच आप्पा होडीचे झाले. चिखलातून चालण्यानं गुडघ्यांना व्यायाम होतो, असं एका डॉक्टरांनी सांगितल्याचं त्यांना आठवलं. मग तडजोड निघाली, आणि ती आप्पांनीच काढली: सामान गाडीनं, माणसं होडीनं. गाडी जावईबापू नेणार. जावयाला नाही म्हणता येत नाही आणि जावयाला समजावूनही सांगता येत नाही, हे आपल्याकडच्या वाहतूक व्यवस्थेचं जुनं दुखणं आहे.

होडीतला प्रवास झकास झाला, यात वाद नाही. म्हणजे आप्पांनी घातला, पण बाकीचे रतनगडाचं नेढं कुठं दिसतं ते शोधत होते. मग उतरलो. चिखल होता. अर्ध्या पिंढरीपर्यंत होता. आप्पांची एक चप्पल त्या गाळात कायमची राहिली.

तंबूंपाशी पोचल्यावर ध्यानात आलं की गांडुळांचा डबा आपल्याबरोबर आहे आणि गळ गाडीत आहेत. आणि गाडी कुठंच नाही.

झालं होतं असं, की निघताना आप्पांनी जावईबापूंच्या कानात हळूच सांगितलं होतं, “तुम्ही त्या बाजूनं बघून या. पुढच्या खेपेला उपयोगी पडेल.” जावईबापू आज्ञाधारक. ते मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरला पोचले. तिथं कोकणकडा बघितला, कांदाभजी खाल्ली, मग साम्रदवरून सगळ्या जलाशयाला प्रदक्षिणा घालत संध्याकाळी उतरले. आप्पा रागावले नाहीत. उलट त्यांनी घाटघरच्या वीजप्रकल्पाची चौकशी केली. २५० मेगावॉटच्या या प्रकल्पात तेच पाणी एकदा घाटावरून खाली सोडून वीज करतात आणि विजेची मागणी कमी झाली की पुन्हा वर चढवतात. आप्पांना हा प्रकल्प मनापासून पटतो. घाटावर राहायचं की कोकणात, हे ज्या पाण्याचं अजून ठरलेलं नाही, त्या पाण्याबद्दल त्यांना आपलेपणा वाटणारच.

अंधार पडता पडता गळ पाण्यात पडला. पण तोवर गांडुळांचा डबा उन्हात राहून गेलेला, आणि आतले सभासद दिवंगत. काकूंच्या पोळ्या सुटल्या. तेवढ्यात वाडीतला एक कातकरी म्हातारा काठाकाठानं आला. खांद्यावर जाळं, हातात वेलीला ओवलेल्या पाच-सहा चिलापी आणि एक बऱ्यापैकी कटला. भाव ठरला. तो मात्र आप्पांनी ठरवला नाही, म्हणून ठरला.

पैसे मोजताना आप्पांच्यानं राहवेना.

“बाबा, तुम्ही इथवर कसे आलात? होडीनं की गाडीनं?”

म्हाताऱ्यानं त्यांच्या एका पायातल्या चपलेकडं बघितलं. “चालत.”

“अरे वा! किती वेळ लागतो?”

“न बोलता आलं तं अर्धा घंटा.”