गरम आहेत तोवर!

आमच्या साडूंना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे ते मेव्हणे असतील, शेजारचे काका असतील, नाहीतर निवृत्त झालेले सख्खे वडील असतील. नोकरी संपली की या जातीच्या माणसाला एखादं यंत्र सापडतं आणि घरच्यांची सुटका उरत नाही. कुणाला रक्तदाब मोजायचं यंत्र सापडतं, कुणाला पाणी शुद्ध करायचं. आमच्या साडूंना कपडे धुऊन वरून वाळवूनही देणारं मशीन सापडलं.

ठाण्यातल्या त्यांच्या टॉवरमध्ये बाल्कनीत कपडे वाळत घालायला सोसायटीची बंदी आहे. इमारतीची शोभा जाते म्हणे. जुलै महिन्यात घरातल्या दोरीवरचा टॉवेल तीन-तीन दिवस ओला राहतो आणि चौथ्या दिवशी कुबट होऊन वाळतो. तेव्हा मशीन घेतलं ते रास्तच. पण पहिल्याच खेपेला साडूंचा पांढरा सुती शर्ट आतून असा चुरगळून निघाला, की तो अंगात घालायचा की ओटा पुसायला घ्यायचा यावर घरात चर्चा झाली. साडूंनी त्या दिवसापासून सुरकुतीशी उभा दावा मांडला.

त्यांचं पहिलं कलम असं : ड्रम थांबला की कपडे त्या क्षणी बाहेर आले पाहिजेत. ढिगात पडून गार झाले की चुण्या पक्क्या बसतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. बाहेर पाऊस, समोर चहा. इतक्यात आत काहीतरी टुणटुणलं, साडू ताडकन उठले आणि "गरम आहेत तोवर!" म्हणत धावले. मी चहाचा कप खाली ठेवला आणि भज्यांसाठी टीपॉयवर जागा करून दिली. साडू दोन बनियन आणि उशीचा अभ्रा घेऊन बाहेर आले.

पुढे मशीनचा निरोप मोबाइलवर येऊ लागला आणि साडूंना बाहेर बसूनही सुख मिळेनासं झालं. ते सोसायटीचे खजिनदार आहेत. वार्षिक सभेत हिशेब वाचताना "सिंकिंग फंडातली शिल्लक रुपये..." इथपर्यंत आले आणि खिसा वाजला. "गरम आहेत तोवर!" एवढं बोलून साडू लिफ्टकडे पळाले. सभासद शिल्लक ऐकायला ताटकळत बसले. मागच्या रांगेतून कुणीतरी काळजीच्या सुरात विचारलं, "रोकड यांच्याकडेच असते का?"

सत्यनारायणाला मंत्रपुष्पांजली चालू असताना त्यांनी हातातली फुलं गुरुजींच्याच ओंजळीत दिली आणि गेले. पाचव्या मजल्यावर कुणी गेलं, तिथे भेटायला गेल्यावर मात्र त्यांनी मोबाइल मुका केला होता. पण डोळे घड्याळावर. शेवटी उठताना त्या घरातल्या मुलाचा हात हातात घेऊन म्हणाले, "काळजी घ्या. काही लागलं तर सांगा. गरम आहेत तोवर निघतो." त्या मुलाला याचा अर्थ अजून लागलेला नाही.

दुसरं कलम वजनाचं. मशीनवर आठ किलो लिहिलेलं असतं ते धुण्याचं. वाळवायचे पाचच. लोक आठ किलो धुतात, तेच आठ किलो वाळायला सोडतात, आत कपड्याला उलगडायला जागा उरत नाही, आणि मग कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. साडूंनी विमानतळावर बॅगा तोलायचा तो आकड्याचा काटा आणला आहे. पिशवीत कपडे भरून ते मशीनसमोर उभे राहून तोलतात. आम्ही मुक्कामाला गेलो तर आमचे टॉवेलही तोलले जातात. माझ्या जीन्सकडे पाहून एकदा म्हणाले, "साडूभाऊ, ही एकटीच पाऊण किलोची आहे. हिला पुढच्या फेरीत घेऊ."

धुऊन झालं की निम्मे कपडे बाहेर. उरलेला प्रत्येक कपडा उलगडून, कानशिलाशी आवाज होईल असा झटकून, मगच परत आत. पिळायचा वेग चौदाशे फेऱ्यांवरून आठशेवर, कारण वेगाने पिळलं की कापड ड्रमला चिकटून घड्या धरतं. वाळवणही थोडं दमट असतानाच थांबवायचं, खडखडीत होऊ द्यायचं नाही. शिवाय कपड्याच्या लेबलवर चौकोनात वर्तुळ असेल तर तो ड्रममध्ये वाळवता येतो, त्यावर फुली असेल तर नाही. हे लेबल बहुधा कॉलरच्या आत असतं. त्यामुळे जेवताना मागून मानेवर गार बोटं लागली, तर दचकू नये. साडू वाचत असतात.

कारण विचारण्याची चूक पाहुण्याने एकदाच करावी. सुती धागा म्हणजे सेल्युलोज. पाणी शिरलं की त्याच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सुटतात, आणि वाळताना कापड ज्या अवस्थेत पडलेलं असेल त्या अवस्थेत पुन्हा बसतात. बोळा होऊन वाळलात, बोळाच राहाल. यानंतर रूथ बेनेरिटो येतात. या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी न्यू ऑर्लीन्समधल्या सरकारी प्रयोगशाळेत सुती धाग्याच्या साखळ्या एकमेकींना पक्क्या सांधायची रीत बसवली, आणि इस्त्रीवाचून चालणारा सुती कपडा घराघरांत गेला. त्यांच्या नावावर 55 पेटंटं होती, 2002 साली त्यांना लेमेलसन-एमआयटीचा जीवनगौरव मिळाला. "या बाईने जगातल्या किती बायकांचे हात वाचवले!" असं म्हणताना साडूंचा कंठ दाटून येतो.

मेव्हणीबाई तेव्हा स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवतात.

कारण असं की साडू पस्तीस वर्षं बँकेत गेले ते परीटघडीच्या शर्टात, आणि तो परीट घरातच होता. मेव्हणीबाई सकाळी डबा करून, शर्टाला इस्त्री मारून, मग आपल्या शाळेची सातची घंटा गाठायच्या. शर्ट कपाटात रोज कसा उगवतो, हे साडूंनी कधी विचारलं नाही. आता बहिणीच्या तोंडून ऐकून माझी बायको सांगते ती गंमत अशी, की सोसायटीची बंदी दहा वर्षं जुनी आहे. मशीन आलं ते मेव्हणीबाईंचा खांदा आखडला आणि डॉक्टरांनी इस्त्रीला हात लावू नका म्हणून बजावलं, त्या महिन्यात. साडूंना हे विचाराल तर ते पावसाळ्यावर बोलतील, विजेच्या युनिटवर बोलतील, खांद्यावर बोलणार नाहीत.

माणूस वाईट नाही, एवढं म्हणायला माझी हरकत नाही. पण मेव्हणीबाईंचं म्हणणंही टिपून ठेवण्यासारखं आहे. "मी पस्तीस वर्षं केलं, त्याला घरकाम म्हणायचे. हे दोन वर्षं करतायत, तर शास्त्र झालं."

या शास्त्रात साडी बसत नाही. साडेपाच मीटर सुती कापड ड्रममध्ये गेलं, तर त्याचा दोरखंड वळून बाहेर येतो. त्यामुळे मेव्हणीबाईंच्या साड्या साडू बादलीत हातांनी धुतात, भाताच्या पेजेची खळ करतात, आणि किंचित दमट असतानाच हॉलमध्ये घडी घालायला दोघं उभी राहतात. ती सोफ्याशी, ते दाराशी. ती चांगल्या हाताने दोन टोकं छातीशी धरते, ते आपली टोकं मुठीत घेऊन मागे रेलतात. काठ जुळतो, मधली चुणी ताणली जाते, साडी पापडासारखी वाजते. परवा आम्ही समोर बसलो होतो, तेव्हा साडूंना राहवलं नाही. "साडूभाऊ, इथे बघा, सुती धाग्यातले बंध अजून..."

"बोलू नका," मेव्हणीबाई म्हणाल्या, "ओढा."