पांढरी पाचच्या जरा वर

बिदागी सामानाच्या वजनावर मिळत असती, तर एके काळी मी मुख्य गायकापेक्षा जास्त पैसे घरी नेले असते. गायक येताना एक वही आणि कोमट पाण्याचा थर्मास आणायचा. माझ्यासोबत दोन गिटारी, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, पायाशी मांडायचा पेडलांचा पाट, वायरींची पोतडी आणि हे सगळं नाट्यगृहाच्या मागच्या जिन्याने वर चढवताना मला मनातल्या मनात शिव्या घालणारा ढोलकीवाला, एवढा लवाजमा असे.

साथीदाराला वर्षभरात काय काय वाजवावं लागतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. भाद्रपदात मांडवात ‘झिंगाट’. नवरात्रात गरबा. दिवाळीच्या पहाटे साडेपाचला डोळे अर्धे उघडे आणि झब्बा मात्र कडक इस्त्रीचा, अशा अवस्थेत भावगीतं. मार्गशीर्षात लॉनवर कुणाच्या तरी मुलीचं संगीत. एकतीस डिसेंबरला गोव्यातल्या हॉटेलात इंग्रजी गाणी, आणि चैत्रात जत्रेचा ऑर्केस्ट्रा. या प्रत्येकाला वेगळा टोन लागतो, अशी माझी ठाम समजूत होती. वान शिप्ले आणि हजारा सिंगच्या तबकड्या ऐकत वाढलेले एखादे आजोबा पहिल्या रांगेत बसलेले असतील, या धास्तीने मी स्लाइडची नळीसुद्धा जवळ बाळगायचो. ते आजोबा यायचे. पण ते यायचे नातीचा नाच बघायला.

ॲम्प्लिफायरबद्दल बोलतो. व्हॉल्व्हचा, दोन स्पीकरांचा, वजन तीस किलोच्या घरात. आत दोन भलेमोठे ट्रान्सफॉर्मर, त्यामुळे हँडल एका बाजूला धरलं तर दुसरी बाजू गुडघ्यावर येऊन आदळते. असल्या ॲम्पची खरी गंमत आवाज चार-पाचवर नेला की सुरू होते. मला हयातीत कुणी दीडच्या पुढे जाऊ दिलं नाही. भावगीताच्या कार्यक्रमात तर गायिका मागे वळून नुसती पाहायची आणि मी एकवर यायचो. तरी मी तो नेत राहिलो, कारण त्याचा लाल दिवा माझ्या खांद्यामागे लागलेला असला की फोटो चांगला यायचा. खरं सांगायचं तर फोटोत तो माझ्यापेक्षा बरा दिसायचा.

पेडलांचंही तेच. बॉस कंपनीचं नारिंगी डिस्टॉर्शन १९७८ पासून जगभरच्या गिटारवाल्यांच्या पायाखाली आहे, तेव्हा माझ्याही हवंच. शेजारी कोरस, डिले, वाह आणि एक असं पेडल, जे काय करतं हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण ज्याचा दिवा निळा होता. एकदा साउंडवाला पोरगा मिक्सरवरून उठून माझ्यापर्यंत चालत आला, पाटाकडे कौतुकाने बघत उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, दिवे एक नंबर. पण तिकडे बाहेर फक्त कीबोर्ड ऐकू येतोय. तुमची लाइन लावलीये का?”

लावलेली नव्हती. आणि पहिली चार गाणी उरकली होती.

आता हा दिव्यांचा सोस कुठून येतो ते सांगतो, म्हणजे थोडी सहानुभूती मिळेल. निवेदक वादकांची नावं घेतो ती मध्यंतराच्या तोंडाशी, म्हणजे लोक बटाटेवड्याकडे निघालेले असताना. “...आणि गिटारवर आहेत...” एवढ्यावर तो चिठ्ठीत बघतो. ‘चुरा लिया’ची सुरुवात वाजवली की अख्खं सभागृह पहिल्या दोन सुरांत ओळखतं, पण १९७३ साली ती गिटार भूपिंदर सिंगने वाजवली होती हे सांगितलं की लोक म्हणतात, “ते गझल गाणारे?” हो, तेच. ‘दम मारो दम’मध्येही तेच. त्यांना निदान गळा होता, म्हणून नाव झालं. ज्यांच्याकडे नुसती बोटं होती ते ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर नाहीत आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीतही नाहीत. प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचं, म्हणजे गोव्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात मानाने गुंफलं. लोकांना वाटलं, अमिताभच्या पात्राचं नाव आहे. इतकं करून ही गत, तर आमच्यासारख्याने पायाशी निळा दिवा लावला म्हणून काय बिघडलं?

ओझं उतरवायची अक्कल मला आपणहून आली नाही, ती विमान कंपन्यांनी आणली. देशातल्या विमानात साधारणपणे हातात सात किलो आणि पोटात पंधरा. काउंटरवरच्या मुलीला ‘व्हॉल्व्ह’ म्हणजे काय हे मी फार तळमळीने समजावून सांगितलं. तिने तितक्याच सौजन्याने ‘फ्रॅजाइल’ची चिठ्ठी आणि जादा वजनाची पावती दिली.

मग ती नवी डिजिटल यंत्रं बघायला लागलो. गिटारचा ॲम्प नुसता आवाज वाढवत नाही. त्याचा स्पीकर वरचा सगळा कर्कशपणा गाळून टाकतो. हा स्पीकर मधून काढून डिस्टॉर्शन थेट मिक्सरला जोडलं, तर बाटलीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज येतो. नव्या यंत्रांत खऱ्या स्पीकरसमोर माइक ठेवून त्याचा प्रतिसाद मोजलेला असतो, आणि तेच गणित तुमच्या आवाजाला लावलं जातं. मग ॲम्प लागतच नाही, एक वायर सरळ मिक्सरला. २०११ मध्ये केम्पर आलं, २०१५ मध्ये लाइन सिक्सचं हीलिक्स आणि २०१८ मध्ये त्याचाच किलोभर वजनाचा लहान अवतार, एचएक्स स्टॉम्प. जाणकार म्हणतात, व्हॉल्व्हची ऊब त्यात नाही. असेलही. मंगल कार्यालयात पंगतीच्या वाढप्यांच्या आरोळ्यांमधून ती ऊब ओळखणारा माणूस मला भेटला की मी त्याला माझा ॲम्प फुकट देईन. फक्त त्याने तो येऊन न्यावा.

गिटार कुठली? लेस पॉल दिसायला राजबिंडी, पण जड, आणि तिचं डोकं मागे कललेलं. पिशवीत आडवी पडली की मानेशी मोडते. ही तिची जगप्रसिद्ध खोड. स्ट्रॅटचं डोकं सरळ, मान स्क्रूने बसवलेली, वजन साडेतीन किलोच्या आसपास. म्हणून स्ट्रॅटच्या घाटाची गिटार, पुढे दोन साधे पिकअप आणि ब्रिजपाशी एक हंबकर. सगळ्या प्रकारची गाणी तिच्यात निभावतात, उत्तम एकही होत नाही, आणि साथीदाराकडून लोकांची हीच अपेक्षा असते.

हंबकर का, हे आता मला सांगू द्या. घरी यावर कुणी ऐकून घेत नाही.

साधा पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली बारीक तार. ती गिटारच्या तारांचं कंपन पकडते आणि मांडवातल्या दिव्यांच्या माळा, जनरेटर, डिमर यांचीही गुणगुण पकडते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर नावाच्या माणसाने १९५५ साली दोन वेटोळी शेजारी-शेजारी बसवली, एकमेकांच्या उलट, आणि गुणगुणीने गुणगुण मारली. पण माझा जीव अडकलाय तो त्या गुणगुणीच्या सुरात. आपली वीज ५० हर्ट्झची. आणि खाली खर्जातली पांढरी पाच असते ४९ हर्ट्झची. म्हणजे महाराष्ट्रात कुठल्याही मांडवात गेलात तरी विजेचा षड्ज लागलेला असतो, पांढरी पाचच्या जरा वर. फुकटचा तानपुरा! फक्त थोडा चढा, आणि पिळायला खुंटी नाही.

आमच्या ताई काळी चारमध्ये गातात. मी चौथ्या पडद्यावर कॅपो लावून बसतो. काळी चारला ही गुणगुण पाव सुराहूनही जास्त खाली पडते आणि हळव्या जागी नेमकी ऐकू येते. पण थंडीच्या दिवसांत कधीतरी विंगेत ताई घशाला हात लावून म्हणतात, “अहो, आज अर्धा सूर खाली घ्या.” कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो, मी कॅपो तिसऱ्या पडद्यावर आणतो, पांढरी पाच होते, आणि सरकारी तानपुरा जवळजवळ जुळतो. ताईंचा घसा बसावा अशी इच्छा धरणं पाप आहे, हे मला कळतं.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या दौऱ्यावर गेलो तेव्हा कळलं, की तिथली वीज ६० हर्ट्झची. मी विमानातच हिशेब मांडला. साठ म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध. कुठल्याच गायकाच्या, कुठल्याच पेटीच्या, कुठल्याच पट्टीत न बसणारी गुणगुण! इतका संपन्न देश, पण विजेला सूर नाही. हा शोध मी आयोजकांना जेवताना सविस्तर सांगितला. त्यांनी मला आणखी एक पुरणपोळी वाढली.

असो. पण गुणगुण ही गमतीची गोष्ट तेवढीच. तिच्या मागे अर्थिंग असतं, किंवा नसतं, आणि ते गमतीचं नाही. मांडवातला बोर्ड कधी जवळून बघा. एक्स्टेन्शनची वायर आहे, तिला टॉपच नाही. सोललेल्या दोन उघड्या तारा सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत घातलेल्या, आणि निसटू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या. वरचं मोठं भोक, अर्थिंगचं, मोकळं. त्यात मुंगळा बसलेला मी पाहिलाय. खाली पावसाने झालेला चिखल आणि त्यावर अंथरलेलं लाल जाजम, ओलं. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. माइक दुसऱ्याच लाइनवर. बोटं तारांवर ठेवून कोरससाठी ओठ माइकला लावले, की दोन्हींमधली वाट म्हणजे तुम्ही. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज बँडचा लेस हार्वी हा गिटारवादक अर्थ नसलेल्या माइकला हात लावून स्टेजवरच गेला. ऐन सत्ताविशीतला मुलगा. आपल्याकडे ओठाला झटका बसला की मांडवात हशा पिकतो आणि मंडळाचा कार्यकर्ता म्हणतो, “काही नाही हो काका, थोडं लीकेज आहे.” हे ‘थोडं’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. पन्नास फुटी कमानीला पैसे असतात, डीजेला असतात, पाहुण्यांच्या शालींना असतात. तिसऱ्या तारेला नसतात.

म्हणून माझ्या पिशवीतली सगळ्यात मोलाची वस्तू इलेक्ट्रिकलच्या दुकानात चहा-वड्याच्या पैशांत मिळते: टेस्टर. स्टेजवर गेलो की आधी माइकच्या जाळीला टेस्टर लावतो. दिवा लागला तर कोरस ऑक्टोपॅडवाल्याकडे, कारण तो लाकडी स्टुलावर बसतो. (हे त्याला अजून सांगितलेलं नाही.) शिवाय गिटारला एक छोटा वायरलेस लावला आहे. तार नाही, म्हणजे वाट नाही. तो वाय-फायच्याच लहरींवर चालतो, त्यामुळे गर्दीत अधूनमधून आवाज गुल होतो. झटक्यापेक्षा शांतता बरी. श्रोत्यांचंही मत तेच दिसतं, कारण आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

तर आता सगळा संसार पाठीवरच्या एका पिशवीत. गिटार, किलोभराचं यंत्र आणि त्यात चारच आवाज: स्वच्छ, किंचित खरखरीत, सोलोचा आणि अकूस्टिकसारखा. दोन कॅपो, तारांचा जादा संच, डीआय बॉक्स, टेस्टर. ढोलकीवाला खूश. मी मात्र सुधारलो असा समज करून घेऊ नका. पूर्वी मी सगळ्यांच्या आधी येऊन सामान मांडायचो, लोकांनी बघावं म्हणून. हल्ली मुद्दाम शेवटी येतो, एकच पिशवी सावकाश उतरवतो, दोन मिनिटांत वायर जोडतो आणि हातांची घडी घालून कीबोर्डवाल्याचे स्टँड उलगडताना बघत राहतो. कुणी विचारलं, “एवढंच?” तर मी जे हसतो, ते आरशासमोर बसवलेलं आहे. परवा एक तरुण गिटारवाला पेडलांचा भलामोठा पाट घेऊन आला, तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, “होतं रे या वयात.” त्या वाक्याचा मला नंतर दोन दिवस आनंद होत होता.

त्याच्या पाटावर निळ्या दिव्याचं ते पेडल होतं. ते काय करतं, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

तुम्ही एखाद्या मंडळाचे, सोसायटीचे किंवा मुलीच्या लग्नाचे कार्यवाह असाल, तर दोन गोष्टी लिहून घ्या. एक, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि आमच्या देखत. दुसरी, गिटारवाल्याला बिनहातांची खुर्ची द्या. हातवाल्या प्लास्टिकच्या खुर्चीत माणूस मावतो, गिटार मावत नाही.