बुडबुड्यांचा बंदोबस्त

पेन कातण्याचा छंद लागलेला माणूस सुरुवातीला पेनांबद्दल बोलतो. पुढे तो फक्त बुडबुड्यांबद्दल बोलतो. ही जमात अमेरिका-इंग्लंडातल्या गॅरेजांत विशेष फोफावली आहे. काम ऐकायला सोपं. रेझिनमध्ये हार्डनर मिसळायचा, अभ्रकाची चमकदार पूड घालून रंग कालवायचे, साच्यात ओतायचं आणि घट्ट झालेली पाऊण इंच जाडीची, पाच इंच लांबीची कांडी लेथवर कातायची. बाहेरून कांडी अगदी नितळ असते. मालक ती घरभर मिरवतो. मग तीनेक मिलिमीटर कातून होतात आणि नेमका क्लिपच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा खड्डा उघडा पडतो.

ढवळताना आत शिरलेल्या हवेला बाहेर यायला सवडच मिळत नाही, कारण या मंडळींचं लाडकं युरेथेन रेझिन सात ते बारा मिनिटांत आळायला लागतं. म्हणून प्रेशर पॉट येतो. मूळची ही रंग फवारण्याची टाकी. आतली नळी काढून छंदिष्टांनी तिला बढती दिली. साचा आत ठेवायचा, झाकण आवळायचं आणि कॉम्प्रेसरने ४० ते ६० पीएसआयपर्यंत हवा भरायची.

पहिली निराशा इथंच दबा धरून असते. पॉट बुडबुडा मारत नाही, नुसता दडपतो. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली सांगून ठेवलं आहे की दाब वाढला की हवेचं आकारमान त्याच प्रमाणात घटतं. गेजवर ६० दिसले तर वातावरणाचा दाब धरून खरा आकडा ७५च्या आसपास, म्हणजे नेहमीच्या पाचपट. बुडबुडा एक-पंचमांश झाला म्हणून छाती फुगते. पण व्यास? तो एक मिलिमीटरवरून जेमतेम ०.६ वर येतो, आणि तेवढा ठिपका चाळिशीचा चष्मा न लावताही दिसतो. थोडी हवा दाबाखाली रेझिनमध्ये विरघळते, हे कबूल. तरी जोरजोरात घुसळून फेस काढायचा आणि निस्तरायला पॉटला सांगायचं, हे चालत नाही.

शिवाय रेझिन पुरतं घट्ट होईपर्यंत दाब टिकायला हवा. सकाळी काटा ५८ वर असेल तर घाबरू नये. गॅरेज रात्री दहा अंशांनी गार झालं की दोन-तीन पीएसआय आपसूक उतरतात. काटा १५ वर असेल तर मात्र गळती. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन प्रौढ गृहस्थ पॉटभोवती रांगतात. तिथं फुगणारे बुडबुडे त्यांना हवे असतात, हा या छंदातला एकमेव अपवाद. दोषी बहुधा गॅस्केट निघतं, किंवा समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने न आवळता एका बाजूने सुरुवात करणारा स्वतः मालक.

खरा गनिम मात्र ओलावा. पाणी मिळालं की युरेथेनमधलं आयसोसायनेट कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि फोमच्या गाद्या नेमक्या याच क्रियेवर फुगवतात. ऑटो बायरच्या चमूने १९३७ साली जर्मनीत पॉलियुरेथेन शोधलं. नंतरच्या एका बुडबुडेदार नमुन्यावर तपासनिसांनी हा फार तर नकली स्विस चीज करायला बरा, असा शेरा मारल्याचा किस्सा सांगतात. त्या बुडबुड्यांवर पुढे उद्योग उभा राहिला. पेनवाल्याचा नुसता रविवार जातो.

ओलावा येतो कुठून? माणूस कॉम्प्रेसर, साचा, हवामान, रेझिनची कंपनी अशा सगळ्यांवर संशय घेतो आणि हातातल्या कागदी कपाकडे बघतच नाही. कागद दमट असतो, ढवळायला घेतलेली आइस्क्रीमची काडीही दमट असते. प्लॅस्टिकचा कप आणि प्लॅस्टिकचीच काडी, एवढाच उपाय. कांडीत शोभेसाठी लाकूड घालायचं असेल तर ते आधी ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवावं लागतं. नाहीतर लाकडाच्या कडेने बुडबुड्यांची रांग लागते. जुलैत रत्नागिरीला हा उद्योग मांडणाऱ्याने मुकाट्याने इपॉक्सीकडे वळावं, हे आमचं प्रामाणिक मत. आळायला वेळ लागतो, पण दमटपणाचं त्याला एवढं वावडं नाही.

आता एक भीतीची गोष्ट. दहा इंची झाकणावर ६० पीएसआय म्हणजे एकूण दोन टनांचा रेटा. घरचा कुकर साधारण १५ पीएसआयलाच शिट्टी मारतो, त्यामुळे स्वयंपाकघरातला कुकर पळवून त्यात साचा बसवण्याची कल्पना कितीही स्वस्त वाटली तरी डाळीपुरतीच ठेवावी. सेफ्टी व्हॉल्व्ह बदलून ‘अजून दहा पीएसआय’ मागणाऱ्यांशी तर वाददेखील घालू नये. लांब उभं राहावं.

हे सगळं जमलं की नवा प्रकार सुरू होतो. कांडीत बुडबुडा नाही, पण अंगभर चामखिळी! गुन्हेगार सिलिकॉनचा साचा. तो बिनदाबाचा ओतलेला असतो, त्याच्या पोटात हवा राहिलेली असते. पॉटमध्ये ती आक्रसते, साच्याला खळी पडते आणि रेझिन तीत जाऊन बसतं. साचाही तेवढ्याच दाबाखाली नव्याने ओतावा लागतो. म्हणजे पॉट पुन्हा रात्रभर अडकला, आणि साबणाचं पाणीही पुन्हा कालवायला घ्या.