तासाला चारशे पावले

निसर्ग पाहायला लोणावळ्यात येणारे पहिली चूक करतात ती गाडी काढण्याची. शनिवारी भुशी धरणाकडे निघालेल्या माणसाला तीन तासांत पुढच्या गाडीची नंबरप्लेट तेवढी दिसते. तेव्हा गाडी बंगल्यातच ठेवावी आणि तुंगार्लीच्या गल्ल्यांतून पायी फिरावे. तासाला ४०० पेक्षा जास्त पावले टाकणारा उमेदवार या पद्धतीत बाद धरला जाईल.

साहित्य एकच, छत्री. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे छत्रीने अंग कोरडे राहील असा आमचा दावा नाही. छत्री बंगल्यांतल्या कुत्र्यांसाठी आहे.

सुरुवात कंपाउंडच्या भिंतीपासून करावी. भिंत जुनी, दगडी आणि मालक मुंबईला राहणारा, असा योग साधला तर उत्तम, कारण तिला बरीच वर्षे कोणी रंग लावलेला नसतो. जुलैत अशा भिंतीपासून वीतभर अंतरावर नाक आणून उभे राहावे. आधी नुसते हिरवे दिसते. मग शेवाळ वेगळे आणि त्यातून वर आलेले नेचे वेगळे दिसू लागतात. सांदीतली गोगलगाय आपण आल्यापासून दोन बोटे सरकलेली असते, म्हणजे तिचा वेग आपल्यापेक्षा बरा. पायाशी खेकडा तिरका पळतो. हातभर भिंतीला वीस मिनिटे द्यावीत. साधारण बाराव्या मिनिटाला वॉचमन येतो आणि ‘कोण पायजे?’ म्हणून विचारतो. ‘नेचे बघतोय’ हे उत्तर खरे असले तरी देऊ नये. त्याने संशय वाढतो. ‘साहेब आलेत का?’ असे उलट विचारावे. तो निश्चिंत होऊन परत जातो.

एवढ्यात मागून कोणी शीळ घातली तर रागावून वळू नये. तो शीळकरी कस्तुर. पावसाळ्यात पहाटे तो रंगात येतो. चाल धरतो, मध्येच विसरतो आणि भलत्याच ठिकाणाहून पुन्हा सुरू करतो. इंग्रजांनी त्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा म्हटले ते उगीच नाही.

आता नावांचा प्रश्न. भिजल्या पडद्यावर बोट चालत नाही, म्हणून मोबाइल बाद. स्पेनमध्ये जन्मलेले जेझुइट फादर सांतापाव यांनी शेजारच्या खंडाळ्यात हिंडून तिथल्या वनस्पतींची नोंद केली आणि १९५३ साली तो ग्रंथ निघाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले, त्यांना पद्मश्रीही मिळाली. थोडक्यात, या रिकामटेकड्या वाटणाऱ्या धंद्यात बढती आहे. पण फादर आता नाहीत, म्हणून बाजाराच्या वाटेवर टोपली घेऊन बसलेल्या मावशींना विचारावे.

‘मावशी, हे काय?’

‘टाकळा. भाजी करा.’

‘आणि रस्त्याकडेचं ते रंगीत फुलांचं?’

‘घाणेरी. त्याला गुरंबी तोंड लावीत न्हाईत.’

वर्गीकरण इथे पूर्ण झाले. समोरच्या बंगल्यात तीच घाणेरी कुंडीत लावलेली आहे, ही गोष्ट मावशींना सांगू नये. त्यांच्या मनात बंगलेवाल्यांविषयी थोडाफार आदर उरला आहे.

तुंगार्लीच्या धरणाच्या चढावर थांबून शेवटचा अभ्यास करावा: छत्रीवरून ओघळलेला थेंब जाणार कुठे? इंद्रायणी इथल्याच कुरवंड्याजवळ उगम पावते आणि देहू-आळंदीवरून पुढे भीमेला मिळते. म्हणजे थेंब सरळ पंढरपूरला आणि तिथून कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जायला हवा. पण तो वळवणच्या तलावात पडला, तर टाटांच्या नळातून घाट उतरतो, खोपोलीत वीज तयार करतो आणि पाताळगंगेतून अरबी समुद्र गाठतो. हे १९१५ पासून चालू आहे. पंढरीला निघालेला वारकरी वाटेतच खोपोलीला नोकरीला लागला, असेच म्हणायचे.

या चढाच्या उजव्या हाताला गेल्या भाद्रपदात सगळा उतार तेरड्याने गुलाबी झाला होता. यंदा तिथे ‘एन. ए. प्लॉट’ची पाटी आली आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस टिकतो म्हणतात, पाटीला मात्र ऑइलपेंट मारला आहे.

ज्यांना यायचे त्यांनी सकाळी साडेसहाला यावे. भिंत अजून रंगवलेली नाही.