वाकडं अंगण, महागडा पटर

नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं म्हणायची सोय पूर्वी फुकट होती. गोल्फमध्ये त्यासाठी नवा पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, घ्यावा लागतो. येरवड्याच्या कोर्सवर आमचे एक स्नेही दोन हातांवरून चेंडू भोकाच्या बाजूने नेतात आणि मग रागाने बघतात काठीकडे. भोक सव्वाचार इंच रुंद. ते बदलता येत नाही, म्हणून दर दिवाळीला पटर बदलतो.

वास्तविक आपल्या हाताला जुळणारा पटर ओळखायची परीक्षा बिनपैशाची आहे. पटरची दांडी बोटावर आडवी तोलून धरा. चेंडूला लागणारं तोंड आभाळाकडे राहिलं, तर तो सरळ मागे-पुढे जाणाऱ्या हातासाठी. तोंडाचं टोक जमिनीकडे झुकलं, तर दार उघडावं-मिटावं तसा कमानीत फिरणाऱ्या हातासाठी. लांबी ३३ ते ३५ इंचांत बहुतेकांचं भागतं. झालं! मुठीचं रबर झिजलेला जुना पटरही चालतो. रबर बदलून मिळतं. कार्स्टन सोल्हाइम यांच्या १९६०च्या दशकातल्या ‘अँसर’ पटरची घडण तर इतक्या कंपन्यांनी उचलली आहे, की स्वस्तातही तीच अक्कल हाती येते. (चालवणाऱ्याची वेगळी.)

परवा स्नेह्यांचा ताजा, घसघशीत किमतीचा पटर बोटावर तोलला. टोक झुकलं.

“म्हणजे माझा हात कमानीतला?”

“छे हो, तुमचा अगदी सरळ जातो. पटर परत करा.”

“त्यापेक्षा हातच बदलतो की!”

आता कोच लावलाय.