माई गेल्या म्हणे

"ऐकलंस का गं? मी गेले."

माई हे म्हणाल्या तेव्हा परात भिंतीवर ठेवून तूरडाळीतले खडे वेचत होत्या आणि मी अलीकडे धुणं वाळत घालत होते. आमच्यामधली भिंत छातीएवढी. परात ठेवायला आणि कोपर टेकायला बरी, याखेरीज तिचा काही उपयोग नाही.

"कुठे गेलात?"

"वर. बंडू म्हणतो."

बंडू म्हणजे माईंच्या थोरल्या दिरांचा मुलगा, न्यू जर्सीचा. साठीचा झाला, आता निवृत्त आहे, पण माईंच्या लेखी बंडूच. गेलं वर्षभर तो इंटरनेटवर घराण्याची वंशावळ चढवतोय आणि पुण्यातल्या, सांगलीतल्या, इंदूरच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना रात्री-अपरात्री फोन करून जन्मतारखा विचारतोय. तर त्या वंशावळीत माईंच्या नावापुढे 'मृत' असं आलंय. बंडूनं ते बघितलंही नव्हतं. इंदूरच्या नणंदेच्या सुनेनं बघितलं, तिनं नणंदेला सांगितलं, आणि नणंदेनं घाबरत घाबरत माईंना फोन केला. तो माईंनीच उचलला.

"पण असं झालं कसं?"

"पत्रिकेमुळं! बंडूनं माझ्या पत्रिकेचा फोटो मागवला. तीत शके 1863, वृषनाम संवत्सर. त्यानं तेवढं 1863 उचललं आणि ठेवून दिलं."

आता शके 1863 म्हणजे इंग्रजी 1941. अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, आणि जन्म पौषाच्या पुढचा असेल तर एकोणऐंशी. हे आपल्याकडे कुठलाही गुरुजी झोपेत सांगेल. कॉम्प्युटरला कोण सांगणार? त्याच्या हिशेबी माई 1863 साली जन्मल्या. अशा साइटींवर शंभर-एकशे दहा वर्षांपूर्वी जन्मलेला माणूस, मृत्यूची नोंद नसली तरी, गेलाच असं धरून चालतात. माई गेल्या. माईंच्या यजमानांची, म्हणजे काकांची, तारीख मात्र शाळेच्या दाखल्यावरून घेतलेली, ती बरोबर 1935. "म्हणजे बघ," माई म्हणाल्या, "हे माझ्याहून 72 वर्षांनी लहान. आणि इतकी वर्षं मी यांना अहो-जाहो करत आले!"

हसून झाल्यावर मी म्हटलं, जाऊ द्या हो माई, तिथे कोण बघतंय. तर म्हणे, तसं नाही. जिवंत माणसाची माहिती अशा ठिकाणी बाहेरच्यांना दिसत नाही, गेलेल्याची सगळ्या जगाला दिसते. माई गेल्या ठरताच त्यांचं माहेरचं आडनाव, जन्मगाव, जन्मवेळ, मुलांच्या मुंजीतला फोटो, सगळं चव्हाट्यावर. आणि त्यांचा धाकटा बोस्टनला. तिकडच्या बँका वर्षानुवर्षं ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनाव विचारत आल्या. त्यानं सकाळी उठून पहिल्यांदा बँकेची खूण बदलली, मग आईला फोन केला. याचा माईंना मेल्यापेक्षा जास्त राग आलाय.

बंडूची बाजूही सांगायला हवी. त्याला हा छंद लागला तो चिडून. गेल्या वर्षी त्याचे वडील तिकडेच गेले. विद्युतदाहिनीत दहन झालं, अस्थी घेऊन बंडू नाशिकला रामकुंडावर आला. परत जाऊन बघतो तो इंटरनेटवर वडिलांचं पान तयार. फोटो आहे, जन्म-मृत्यू आहे, दफनाचं ठिकाण म्हणून गावातल्या दफनभूमीचं नाव आहे, आणि खाली अनोळखी माणसांनी वाहिलेली चित्रातली फुलं. कबरच नाही, तर दफनभूमी आली कुठून? अंत्यविधी करणाऱ्या कंपनीनं छापलेली निधनवार्ता कुणीतरी उचलली होती आणि जवळची दफनभूमी अंदाजानं टाकून दिली होती. करणारी एक बाई, दोन राज्यं पलीकडची. अशी कितीतरी पानं ती घरबसल्या करते. बंडूनं तिला सडकून लिहिलं. तिनं दुसऱ्याच दिवशी माफी मागून सगळं दुरुस्त केलं आणि पान त्याच्या ताब्यात दिलं. माईंच्या मते बाई चांगली होती, फक्त रिकामटेकडी होती.

या उद्योगाचं मूळ शोधलं तर सारखं युटा येतं. फाइंड अ ग्रेव्ह नावाची साइट 1995 साली सॉल्ट लेक सिटीच्या जिम टिप्टन नावाच्या माणसानं काढली, का, तर त्याला नामवंतांच्या कबरी बघत हिंडायचा नाद होता. 2013 साली ती अ‍ॅन्सेस्ट्री या कंपनीनं घेतली, तीही युटाचीच. फॅमिलीसर्च फुकट आहे, ती मॉर्मन चर्चची. त्यांच्या धर्मात गेलेल्या पूर्वजांच्या नावानं विधी करता येतात, म्हणून पूर्वज आधी शोधावे लागतात, म्हणून जगभरची दप्तरं फिल्मवर घेऊन त्यांनी ती सॉल्ट लेकजवळच्या एका ग्रॅनाइटच्या डोंगरात भुयारं खोदून ठेवली आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही त्यांनी 1977 पासून फिल्म काढली. मी हे सांगितलं तर माई डाळ सोडून बघतच राहिल्या. "आपले पितर डोंगरात? आणि श्राद्ध कोण घालतं?"

श्राद्धाचं जाऊ दे, पण तिथलं झाड कसं वाढतं ते बघण्यासारखं आहे. काही साइटींवर ज्याचं त्याचं झाड वेगळं, दुसऱ्याच्या झाडावरची फांदी कापून आपल्याला लावायची सोय. फॅमिलीसर्चवर सगळ्या जगाचं मिळून एकच झाड, कुणीही यावं आणि बदल करून जावं. पहिल्या प्रकारात चूक एकदा झाली की दहा ठिकाणी उगवते. दुसऱ्यात तुम्ही सुधारायचं आणि उद्या कुणी पुन्हा बिघडवायचं. माईंच्या घराण्यात तर चुकीला आमंत्रणच, कारण नातवाला आजोबांचं नाव. विष्णू गणेश, त्यांचा मुलगा गणेश विष्णू, त्यांचा पुन्हा विष्णू गणेश, अशा पाच पिढ्या. बंडूच्या एका चुलतभावाला वाटलं की दोन विष्णू गणेश म्हणजे एकाच माणसाची दोनदा नोंद झाली. त्यानं सद्‌भावनेनं दोघांना एकत्र केलं. झालं, आजोबा स्वतःचेच नातू झाले आणि आजी त्यांची नातसून. ते झाड आणखी तिघांनी उचललं. बंडूनं आपलं दुरुस्त केलं, पण त्या तिघांपैकी एक जण उत्तरच देत नाही आणि एक जण म्हणतो, तुझंच चुकलंय, कारण बाकी सगळीकडे असंच आहे.

"सगळीकडे असंच आहे" हे वाक्य ऐकून मी पिळलेला टॉवेल तसाच हातात धरून उभी राहिले. भिंतीवरच्या गप्पांना लोक नावं ठेवतात, पण आमच्या गप्पांत असला युक्तिवाद एक दिवस टिकणार नाही. माईंनी मला काहीही सांगितलं तरी कुणाकडून कळलं ते आधी येतं: पाटलांच्या मोलकरणीनं सांगितलं, पण ती वाढवून सांगते, की जोशीबाईंनी स्वतः बघितलं, पण त्यांचा चष्मा घरी होता. तसं वजन करून आम्ही ती बातमी घेतो. या वंशावळींत 'माहितीचा स्रोत' अशी जागा असते आणि बहुतेक लोक तिथे दुसऱ्या वंशावळीचं नाव टाकतात. म्हणजे हिनं तिला विचारलं, तिनं हिलाच. असलं आमच्या भिंतीवर चालत नाही.

बरं, दगड तरी खरं बोलतो का? आमच्या वरच्या मजल्यावर ओंकार राहतो, इंजिनियरिंगचा. त्याला या कबरींच्या साइटींची भारी हौस. परदेशातले लोक विनंती टाकतात की आमच्या पणजोबांच्या कबरीचा फोटो हवा, आणि जवळ राहणारा कुणीतरी जाऊन काढून देतो. पैसे नाहीत, काही नाही. ओंकारकडे खडकीच्या युद्ध दफनभूमीतली विनंती आली. पहिल्या महायुद्धात गेलेला एक सैनिक, नोंद 'खडकीत दफन'. ओंकार रविवारी सकाळी सायकल मारत गेला. पांढऱ्या दगडांच्या रांगा, कातरलेलं गवत, सगळं टापटीप. पण ते दगड बघितले तर दुसऱ्या महायुद्धातले. सगळ्या रांगा पालथ्या घातल्या, हे नाव नाही. शेवटी सापडलं ते स्मारकाच्या भिंतीवर.

तिथेच घोळ आहे. खडकीत दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 जणांच्या कबरी आहेत, आणि त्यांतले बरेचसे पुण्यात गेलेलेही नाहीत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कबरींची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती तिथून त्यांना इथे आणून ठेवलं. पहिल्या महायुद्धाची गोष्टच वेगळी. त्या स्मारकावर 1,800 हून जास्त नावं आहेत, पण ती माणसं खडकीत नाहीत. ती आजच्या भारतात आणि पाकिस्तानात गावोगावच्या, छावण्यांच्या दफनभूमींत आहेत. तिथे निगा राखणं जमेना म्हणून नावं तेवढी इथे कोरली. म्हणजे दगड खोटं बोलत नाही, पण 'इथे दफन' असंही तो म्हणत नाही. ते म्हटलं नोंद करणाऱ्यानं. ओंकारनं फोटो पाठवला आणि सरळ लिहिलं की हे नाव आहे, कबर नाही, कबर कुठे ते जुन्या छावणीच्या नोंदींत बघा. पलीकडून आधी उत्तरच आलं नाही. मग आलं: आजीला खडकीच सांगून ठेवलंय, तसंच राहू दे का?

ओंकारनं राहू दिलं नाही. मला त्याचं कौतुक वाटलं, माईंना त्या आजीचं वाईट वाटलं.

उलटंही असतंच. माणगावचे नाईक यशवंत घाडगे इटलीत 10 जुलै 1944 ला पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, इटलीत कसिनोच्या स्मारकावर नाव आहे, आणि कबर कुठेच नाही. अशा माणसाचं 'दफनस्थळ' हा रकाना कसा भरायचा? रिकामा ठेवला की साइटीला चैन पडत नाही, कुणीतरी येऊन भरतंच. आणि ज्यांचं नाव मुळात कोरलंच नाही त्यांचं काय? युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगानंच 2021 साली कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या निदान 1,16,000 जणांची, मुख्यतः आफ्रिकेतल्या आणि मध्यपूर्वेतल्या लोकांची, नावानं नोंद झाली नाही किंवा अजिबात झाली नाही. ती झाडं कुठल्याच साइटीवर वाढायची नाहीत.

"मग खरं कुठं मिळायचं गं?" माईंनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "नाशकात."

हे त्यांनी उगाच म्हटलं नाही. अस्थी विसर्जनाला गेला तेव्हा बंडूला घराण्याच्या उपाध्यायांनी वही काढून दाखवली. लांबट वही, जुनी पानं मोडीत, पुढची बाळबोधीत. जो यजमान आला त्यानं आपल्या हातानं नाव, बापाचं, आजाचं, भावांची, मुलांची नावं आणि गाव लिहून खाली सही केलेली. बंडूला वडिलांची सही दिसली, विशीतली, वळणदार. तिथल्या तिथे रडला. आणि दोन्ही विष्णू गणेश त्या वहीत वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या सालात हजर. त्या एका पानानं झाडावरचा सगळा गुंता सोडवला. फक्त मुली नाहीत. कुलवृत्तांतातही मुलींना एखादी ओळ मिळते, सासरच्या नावासकट. वहीत तीही नाही. माईंना पाच नणंदा, वहीप्रमाणे एकही नाही. "इंदूरचीला सांगू नकोस," त्या म्हणाल्या, "नाहीतर तीही मला फोन करेल, मी आहे का म्हणून."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. बंडूच. दुरुस्ती झाली होती, साल 1941 पडलं होतं. आता त्याला वेगळंच हवं होतं. वहीत एका पिढीत तीन भाऊ दिसतात, पुढच्या वेळच्या नोंदीत दोनच, आणि मधला कधी गेला हे कुठेच नाही. काकू, तुम्हाला काही माहीत आहे का? माईंनी माझ्याकडे बघत, अगदी साळसूद आवाजात सांगितलं, "नाही रे बाबा. माझ्या लग्नाच्या आधीचं ते. मला कोण सांगणार?"

फोन ठेवला, परात उचलून माझ्या बाजूला सरकवली आणि आवाज खाली आणला. मधला गेला नव्हता. दत्तक गेला होता, आणि कुणाच्या घरात गेला हे ऐकून माझ्या हातातला टॉवेल खाली पडला, कारण ते घर अजून पुण्यात आहे, त्या घराचा आणि माईंच्या घराचा वाडा-विहिरीचा खटला एकेकाळी कोर्टात होता, आणि त्या घरची एक सून आमच्याच भिशीत येते. सगळं कसं, कशापायी, किती रुपयांच्या कर्जापायी, तेही माईंनी सांगितलं.

"अहो, मग बंडूला का नाही सांगितलं?"

"त्याला सांगितलं की उद्या सगळ्या जगाला दिसेल. त्या बिचारीला अजून माहीत नाही, ती कुणाच्या वंशातल्याशी लग्न करून बसलीय. तुझ्यापुरतं ठेव हं."

"पण तुम्हाला तरी कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तिच्या सासूनंच."