दोन मेगापिक्सेलची अब्रू

फिल्मवर फोटो काढणारा माणूस पहिला डिजिटल कॅमेरा घेतो, तेव्हा ‘घेतला’ असं कधीच म्हणत नाही. ‘ठेवलाय एक, एक्स्पोजर तपासायला,’ असं म्हणतो. मीही तेच म्हणायचो. खरा कॅमेरा खांद्यावर, मानानं. हा आपला शर्टाच्या खिशात, सुट्ट्या पैशांसारखा.

साल २००२. दोन मेगापिक्सेल, म्हणजे आडवे १६०० आणि उभे १२०० ठिपके. सोबत ८ एमबीचं कार्ड. उत्तम दर्जा लावला की त्यात जेमतेम ८ फोटो मावायचे. ‘डिजिटल म्हणजे काय, कितीही काढा, फुकट!’ असं लोक म्हणत. ३६च्या रोलमधून ३७वा फोटो ओढून काढणारा मी मात्र पूर्वीपेक्षाही चिक्कू झालो. डोळा व्ह्यूफाइंडरला, श्वास रोखलेला, आणि फोटो निघाला की उजवा अंगठा फिल्म पुढे सरकवायला हवेत फिरायचा. तिथं लीव्हरच नाही, हे त्या अंगठ्याला पटेना.

फोटो निघणं हेही सोपं नव्हतं. बटण दाबलं की कॅमेरा आधी फोकस शोधायचा, मग विचार करायचा, मग सवडीनं फोटो काढायचा. पुढे तो कार्डावर उतरेपर्यंत दिवा लुकलुकत राहायचा. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्याला एक चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. माझ्या कॅमेऱ्यानं घराण्याची रीत सोडली नव्हती.

अशा तयारीनं मी मावसबहिणीच्या लग्नात ‘कलात्मक बाजू’ सांभाळायला उभा राहिलो. कॅमेऱ्याच्या विलंबाचं गणित मी मांडलं होतं: ‘शुभमंगल’ला दाबायचं, ‘सावधान’ला फोटो येईल. आलाही. फक्त शेजारच्या आजींनी अक्षता नेमक्या लेन्सवर टाकल्या. अंतरपाट दूर होताना दाबलं, तर मुंडावळ्या सारख्या करणाऱ्या मामांचं कोपर आलं. हार घालताना दाबलं, तोवर हार घालून नवरा-नवरी व्हिडिओवाल्याकडे वळली होती.

फिल्मच्या काळात याला उत्तर होतं. ‘रोल धुवायला टाकलाय’ म्हटलं की आठवडा सुटायचा. मग त्यातले चार बरे दाखवायचे आणि बाकीचे लॅबवाल्याच्या जुन्या केमिकलवर ढकलायचे. माझी सगळी कीर्ती त्या आठवड्यात तयार होत असे. डिजिटलनं तो आठवडाच काढून घेतला. बटणावरून बोट उचलायच्या आत दहा हात पुढे: ‘बघू, बघू!’ मांडवाबाहेरच्या उन्हात पडद्यावर काही दिसेना, म्हणून मी उपरणं डोक्यावर ओढलं, तर पोरंही उपरण्यात शिरली. मामांचं कोपर मामांनीच ओळखलं.

या प्रदर्शनात सेल संपले. चार पेन्सिल सेल लागायचे, आणि मागचा पडदा चालू राहिला की पानपट्टीवरचे साधे सेल बघता बघता मान टाकायचे. मी खोलीतल्या टीव्हीच्या रिमोटमधले दोन काढले आणि कार्यालयातल्या दोन घड्याळांतला एकेक. कॅमेरा सुरू झाला, लेन्स बाहेर आली आणि तशीच जीभ काढून गतप्राण झाली. इकडे घड्याळांत साडेअकराच वाजत राहिले. ‘अजून तासभर आहे’ म्हणत आचारी निवांत बसला, आणि पंगतीत ताटं मांडून लोक पुऱ्यांची वाट बघत राहिले. चौकशी सुरू झाली तेव्हा मी आवर्जून स्टेजमागची सजावट न्याहाळत होतो.

दुपारी कुणीतरी बाजारातून अल्कलाइन सेल आणले आणि कॅमेरा उठला. तो लगेच एका भाच्यानं पळवला, आणि बटणं दाबता दाबता कार्ड फॉरमॅट करून टाकलं. सगळे हळहळले. सर्वांत मोठ्यानं मी.

पुढे मावशी फोटो मागायला लागली, तेव्हा मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, ‘कार्ड करप्ट झालं.’ निमित्त नवंकोरं, कुणाला न कळणारं, लॅबवाल्यापेक्षा भक्कम! मावशीनं ते इतक्या काळजीनं नातेवाइकांत पोचवलं, की एका बारशाला लांबच्या काकांनी मला बाजूला घेतलं.

‘कळलं मला. आता बरं आहे ना? पथ्य काय सांगितलंय?’

‘साधे पेन्सिल सेल वर्ज्य,’ मी म्हटलं.